चिंगसपर्यंतचा रस्ता: नौशेरा-राजौरी मार्गावरचे चार दिवस, एप्रिल १९४८

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र आपल्याकडे शौर्यगाथा म्हणून वाचलं जातं. ते योग्यच आहे. पण या मानपत्राचं एक वैशिष्ट्य सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: त्यात पावलोपावली घड्याळाची वेळ दिली आहे. संध्याकाळचे साडेचार, रात्रीचे दहा, सकाळचे सहा, दुपारचे तीन, सव्वासहा, पहाटेचे पावणेपाच. या वेळा क्रमानं कागदावर उतरवल्या, दोन वेळांमधलं अंतर मोजलं, की एक वेगळीच हकिगत हाती लागते. रणगाड्यांसाठी रस्ता मोकळा करताना, जखमी अवस्थेत, समोरून मारा चालू असताना, पुढच्या वळणापलीकडे काय आहे हे ठाऊक नसताना एका माणसानं एकापाठोपाठ घेतलेल्या निर्णयांची ती नोंद आहे.

संकटात निर्णय कसे घ्यावेत हे लष्कराकडून शिकायचं म्हटलं, की लोक मोठ्या सेनापतींकडे वळतात. मला राणे अधिक उपयोगी वाटतात. सेनापतीचं संकट आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतं. वाट्याला येतं ते राण्यांसारखं: उद्दिष्ट वरून ठरलेलं, साधनं मोजकी, माणसं कमी झालेली आणि मागे सगळा खोळंबा आपल्याकडे डोळे लावून बसलेला.

परिस्थिती

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात, नोव्हेंबर १९४७ मध्ये, जम्मू भागातलं राजौरी पाकिस्तानच्या बाजूच्या हल्लेखोरांच्या ताब्यात गेलं. डिसेंबरमध्ये झांगर गेलं. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावर झालेला मोठा हल्ला ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडनं परतवून लावला आणि मार्चमध्ये झांगर परत मिळवलं. त्यानंतर उत्तरेकडे, राजौरीवर चाल करायची ठरली. ती १९ इन्फन्ट्री ब्रिगेडकडे आली. पायदळात ४ डोग्रा ही बटालियन होती, रणगाडे सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटचे.

रस्ता जुना, डोंगराच्या अंगानं वळत जाणारा. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला खाली तवी नदीचं पात्र. मागे हटताना शत्रूनं तो जागोजागी बंद केला होता. पाइनची मोठाली झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, रस्त्याची कड तोडलेली, मध्ये सुरुंग पेरलेले. आणि या प्रत्येक अडथळ्यावर आजूबाजूच्या उंचवट्यांवरून मशीनगन रोखलेल्या. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. नुसतं आडवं पडलेलं झाड म्हणजे करवतीचं आणि दोन तासांचं काम. त्याच झाडावर मशीनगन रोखलेली असेल, तर ते झाड हटवणं ही लढाई असते. संकटातल्या अडचणींचंही तसंच असतं. अडचण एकटी येत नाही, तिच्यावर नेम धरून दुसरं काहीतरी बसलेलं असतं, आणि पहिलीकडे बघता बघता दुसरं नजरेआड होतं.

रस्ता उघडण्याची जबाबदारी ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर होती आणि त्या सेक्शनचे प्रमुख होते राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. जन्म १९१८ चा. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झालेले. अधिकारी म्हणून कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला. म्हणजे ८ एप्रिलला खांद्यावरचा तारा पुरता चार महिन्यांचाही नव्हता. अंगातलं सैनिकीपण मात्र जवळजवळ आठ वर्षांचं होतं. महायुद्धात ब्रह्मदेशातल्या आराकानमधून सैन्य मागे घेताना बुथिडाँगला दारूगोळ्याचा साठा आणि इतर महत्त्वाच्या गोष्टी उद्ध्वस्त करण्यासाठी त्यांना दोन सेक्शनसह मागे ठेवलं होतं. काम झाल्यावर नौदलाची जहाजं त्यांना उचलून नेणार होती. तो बेत फसला. जपानी सैनिकांची गस्त असलेली नदी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर ओलांडली आणि २६ व्या डिव्हिजनला येऊन मिळाले. वरून ठरलेली योजना कोलमडली तर पुढे काय, हा प्रश्न त्यांनी नौशेऱ्याला पहिल्यांदा पाहिला नव्हता.

८ एप्रिल: काम सुरू होण्याआधीच

राजौरी मार्गावर, नाडपूर साउथजवळ, सुरुंग काढायला पुढे जाण्यासाठी तुकडी थांबलेली असताना उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जण जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते.

अशा क्षणी साधारणपणे तीन गोष्टी घडू शकतात. मागे येऊन बदली तुकडी मागायची. किंवा काहीच न झाल्यासारखं, आहे त्याच रचनेत पुढे जायचं. ही दुसरी गोष्ट बाहेरून धाडसी दिसते आणि हमखास घातक ठरते, कारण गेलेल्या माणसांची कामं कुणाच्याच अंगावर नसतात. राण्यांनी तिसरी गोष्ट केली. तुकडी नव्यानं बांधली आणि मग काम सुरू केलं. मानपत्रात यासाठी जेमतेम अर्धं वाक्य खर्ची पडलं आहे. माझ्या मते उरलेले चार दिवस त्या अर्ध्या वाक्यावर उभे आहेत.

असं पाच-दहा मिनिटांत तुकडी नव्यानं बांधता येते ती एकाच कारणानं. सॅपरला, म्हणजे सुरुंग-स्फोटकांचं आणि रस्त्यांचं काम करणाऱ्या सैनिकाला, शेजाऱ्याचं कामही येत असतं. सुरुंग शोधणं, तो निकामी करणं, स्फोटकं बांधणं, वात लावणं हे सगळं सरावात इतकं घटवलेलं असतं, की नंबर एकचा माणूस पडला तर नंबर दोन विचारत बसत नाही. ड्रिल म्हणजे डोकं बाजूला ठेवणं, असा नागरी आयुष्यात समज आहे. प्रत्यक्षात ड्रिल लहानसहान निर्णय आधीच उरकून ठेवतं, म्हणून प्रमुखाचं डोकं मोठ्या निर्णयासाठी मोकळं राहतं.

त्या दिवशी राणे मशीनगनच्या आणि उखळी तोफांच्या माऱ्यात रणगाड्यांजवळच राहिले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीचा कडा हाती आला. परिसर शत्रूपासून पूर्ण मोकळा झालेला नव्हता आणि राण्यांना ते माहीत होतं. तरी ते तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूला स्पष्ट दिसेल अशा जागी, हे काम चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू झालं ते दुपारी तीनला संपलं.

बेरीज करा. साडेपाच तास आणि नऊ तास. एका वळणरस्त्यावर साडेचौदा तास.

या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. मागे अख्खा चिलखती दस्ता उभा. राजौरी दूर. प्रत्येक तासागणिक शत्रूला पुढचा अडथळा पक्का करायला सवड. अशा वेळी काहीतरी करून दाखवण्याचा दबाव किती असेल! अर्धाकच्चा रस्ता करून पहिला रणगाडा घालावा, बघू काय होतं, असं कुणाच्याही मनात येईल. पण पहिलाच रणगाडा कडेवरून घसरला किंवा रुतला, तर तोच नवा अडथळा होतो, आणि तो आपलाच असल्यामुळे उडवताही येत नाही. राण्यांनी रस्ता पूर्ण झाल्यावरच रणगाडे जाऊ दिले.

आणि पुढे लगेच वेग बदलला. ते सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे हलक्या चिलखती गाडीत, चढले आणि निघाले. जेमतेम अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. उतरले, झाडं स्फोटकांनी उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले तेव्हा पुढची मोरी उडवलेली सापडली. काम सुरू व्हायच्या आतच मशीनगन सुरू झाल्या. इथे पुन्हा वळणरस्ता, पण या वेळी साडेचौदा तासांचा नाही. दस्ता पुढे सरकला. काल रात्री धीर धरणारा माणूस आज संध्याकाळी सपाटा लावतो आहे. त्याचा स्वभाव बदललेला नाही, अडथळ्याची जात बदलली आहे. जे उडवून मोकळं होतं ते उडवायचं. जिथे जमीनच नाही तिथे वेळ द्यायचा. सगळीकडे घाई किंवा सगळीकडे सावधगिरी ही एकच रीत धरून बसणारा प्रमुख अशा रस्त्यावर निभावत नाही.

पुढच्या कॅरियरमध्ये बसण्याबद्दल एक आक्षेप घेता येतो. प्रमुखानं मागे राहून चित्र बघावं, आघाडीवर जीव धोक्यात घालू नये, असं आपत्ती व्यवस्थापनात शिकवतात. ते बरोबर आहे. पण राणे दस्त्याचे प्रमुख नव्हते. ते त्या रस्त्याचे जाणकार होते, आणि जाणकाराची जागा अडथळा पहिल्यांदा दिसतो तिथेच. वायरलेसवरून वर्णन ऐकून कुणी मागून स्फोटकाचं माप सांगू शकत नाही. दस्त्याचा प्रमुख मागे होता, त्याच्या जागी होता, आणि त्याचं महत्त्व त्याच संध्याकाळी दिसून आलं.

९ एप्रिल, संध्याकाळी सव्वासहा

उजेड झपाट्यानं कमी होत होता. समोर पाच मोठे पाइन वृक्ष आडवे, भोवती सुरुंग, आणि या सगळ्यावर मशीनगनचा मारा. राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवात केली. हा अडथळा मोकळा करायचाच, असा त्यांचा निर्धार होता. दस्त्याच्या प्रमुखानं परिस्थिती जोखली आणि रणगाडे रात्रीसाठी सुरक्षित जागी नेऊन थांबवले.

शौर्यगाथेत हे वाक्य अडखळल्यासारखं वाटतं, म्हणून भाषणांत ते बहुधा गाळलं जातं. मला ते संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत शिकण्याजोगं वाक्य वाटतं. पुढे जाऊ पाहणारा आणि थांबवणारा, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. हातातल्या कामात गढलेल्या माणसाला थांबणं सुचू नये हे स्वाभाविक आहे. त्याचं सगळं लक्ष पुढच्या सुरुंगावर असतं आणि तसंच असायला हवं. म्हणून थांबण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये. तो दुसऱ्याचा असावा, आणि त्या दुसऱ्याचा शब्द आधीपासून अंतिम ठरलेला असावा. लष्करात हा अधिकार कुणाचा यावर भर रस्त्यात वाद होत नाही.

निर्णयाचा हिशेब दुसऱ्या दिवशी मिळाला. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राण्यांनी त्याच अडथळ्यावर काम सुरू केलं, या वेळी रणगाड्यांच्या एका ट्रूपच्या, म्हणजे छोट्या तुकडीच्या, पाठबळासह. मशीनगन चालूच होत्या. साडेसहाला रस्ता मोकळा. पावणेदोन तास. अंधारात आंधळेपणी जीव घालवण्याऐवजी पाठबळ आखून, उजाडता उजाडता तेच काम पार पडलं.

आपल्याकडे याची आठवण करून देणारा प्रसंग फार जुना नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. खोदकामाची यंत्रं वर नेता येईनात, माणसांनी हातांनी माती उपसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार आणि खराब हवामानामुळे बचावकार्य थांबवावं लागलं आणि सकाळी पुन्हा सुरू झालं. ज्यांची माणसं मातीखाली आहेत त्यांना हे थांबणं सहन होणं शक्य नाही, आणि कुणी त्यांना ते समजावूनही सांगू नये. पण हलत्या डोंगराखाली, पावसात, अंधारात बचाव पथक उभं ठेवायचं की नाही, हे ठरवणारा कुणीतरी लागतो आणि तो हातात फावडं घेतलेला माणूस नसावा. पथकातला जवान स्वतःहून थांबणार नाही. त्यानं तसं थांबावं अशी अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

२१ तासांचा फरक

साडेसहानंतरचे एक हजार यार्ड अडथळ्यांनी आणि तोडलेल्या कडांनी भरलेले होते, आणि सगळा टापू शत्रूच्या माऱ्याखाली. साडेदहापर्यंत राण्यांनी वाट काढली. तासाला अडीचशे यार्ड. त्यानंतर रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनपर्यंत चिंगसला पोचले. चिंगस म्हणजे मोगलांच्या वेळची सराय असलेलं, या मार्गावरचं जुनं मुक्कामाचं ठिकाण.

इथे कुणीही म्हणालं असतं, की झालं. रणगाडे पोचले. सॅपरचं काम रणगाड्यांना वाट देणं, ती दिली. जखमी माणूस, तिसरा दिवस, पोटात अन्न नाही.

राणे रस्त्यावरच राहिले. रणगाडे पात्रातून गेले होते, पण त्यांच्यामागून इंधन, दारूगोळा, शिधा, जखमींना परत नेणाऱ्या गाड्या यायच्या होत्या. ट्रकला नदीचं पात्र चालत नाही, रस्ता लागतो. त्या रात्री नऊपर्यंत त्यांनी काम केलं. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात आणि अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला.

पहिला रणगाडा पोचला १० तारखेला दुपारी दोनला. रस्ता खुला झाला ११ ला सकाळी अकराला. मध्ये २१ तास. या २१ तासांत पुढे गेलेल्या रणगाड्यांना रसद पुरवणारा रस्ता पाठीमागे नव्हता. पोचल्याचा आनंद त्यांच्या टाकीतलं इंधन वाढवत नव्हता.

भारतीय लष्कराच्या युद्धतत्त्वांत पहिलं तत्त्व उद्दिष्ट निवडणं आणि ते टिकवून धरणं हे आहे. परीक्षेत ते सगळेच लिहितात. राण्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला: उद्दिष्ट रणगाडे पुढे काढण्यापुरतं नव्हतं, ते रस्ता खुला करण्याचं होतं. रणगाडे पात्रात उतरले तेव्हा हे दोन्ही एकमेकांपासून सुटले, आणि त्याच घटकेला त्यांनी बरोबर टोक हातात धरलं. मानपत्रात स्पष्ट लिहिलं आहे, की रस्ता खुला होणं सर्वांत निकडीचं आहे हे ओळखून ते काम करत राहिले.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. महाड पुरात, रस्ते पाण्याखाली आणि दरडींनी बंद. बचाव पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा प्रत्येक वेळी बातमी येते ती ‘पथक पोचलं’ अशी. नियंत्रण कक्षातही तोच क्षण लिहिला जातो. पण माती उपसणारं यंत्र कधी पोचलं, रुग्णवाहिका परत कधी निघू शकली, हे वेगळे क्षण आहेत आणि त्यांची वेगळी नोंद हवी. पहिलं पथक पायवाटेनं, नदीतून, कसंही पोचू शकतं. त्या पोचण्यावर समाधान मानलं की मागचा रस्ता उघडणाऱ्यांवरचा रेटा सैल होतो, आणि नेमके तेच तास जीव वाचवण्याचे असतात.

काय घेऊ नये

११ एप्रिलच्या रात्री दहापर्यंत राणे चिंगसच्या पुढचा रस्ता मोकळा करत होते. १२ एप्रिलला राजौरी परत हाती आलं. त्या युद्धातल्या पाच परमवीरचक्रांपैकी दोनच हयात वीरांना मिळाली, त्यातले एक राणे. पुढे ते मेजर झाले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

अन्नविश्रांतीविना केलेलं काम मानपत्रात गौरवानं नोंदवलं आहे आणि गौरव सार्थ आहे. पण आपल्या तहसील कचेरीत किंवा रुग्णालयात याचं अनुकरण करायला मी कुणाला सांगणार नाही. शत्रू समोर असताना दुसरा माणूस नव्हता म्हणून राण्यांनी ते सोसलं. पुराच्या तिसऱ्या रात्रीही जागाच असलेला अधिकारी बहुतेक वेळा दुसरा माणूस असूनही जागा असतो, कारण झोपायला जाणं बरं दिसत नाही. त्याच्या चौथ्या दिवसाच्या निर्णयांची किंमत इतरांना मोजावी लागते. आणि शौर्यगाथा म्हणून वाचलं जाणारं हे मानपत्र घड्याळ लावून वाचलं, तर त्यातही कामाला रोज रात्री खंड आहे: दहाला, सव्वासहाला, नऊला, पुन्हा दहाला.

घेण्याजोगी आहे ती तयारी. राण्यांचे निर्णय चार दिवसांतले दिसतात, पण ते खडकीच्या सॅपर्सच्या परंपरेत आणि आराकानच्या नदीकाठी आठ वर्षं तयार होत होते. सह्याद्रीतल्या घाटांसाठी इतकी वर्षं कुणाकडे नाहीत. पण मे महिना दरवर्षी येतो, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पावसाळ्यापूर्वीची आढावा बैठकही दरवर्षी होते. त्या टेबलाशी खातेप्रमुखांच्या बरोबरीनं घाटातला मैलकुली आणि जेसीबी चालवणारा माणूस बसवावा. कोणत्या वळणावर दरवर्षी माती येते, कोणती मोरी तुंबते, ती वाहून गेली तर शेजारच्या कुणाच्या शेतातून वळणरस्ता काढता येईल आणि त्या शेतकऱ्याशी आज कोण बोलणार, पहिला चालक पोचू शकला नाही तर किल्ली कुणाच्या हाती, आणि अंधार पडल्यावर थांबा म्हणण्याचा अधिकार कुणाचा, हे तिथेच नावानिशी लिहून घ्यावं. नंतर त्या सगळ्यांना एकदा प्रत्यक्ष घाटात नेऊन, कोरड्या रस्त्यावर, हे सगळं करायला लावावं.